अंगाला बसणारी निकर आणि ब्रा घरच्या घरी कशी बेतायची

ब्लाऊजचं माप द्यायला बाई समोर उभी राहिली की टेप गुंडाळायच्या आधी माझं लक्ष तिच्या खांद्याकडे जातं. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या असतात, कुणाच्या तर इतक्या खोल की त्यात बोट बसेल. दुखत नाही का हो वहिनी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "असंच असतंय की, सवय झालीया आता." गेली अठरा वर्षं कोल्हापुरात शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवतेय आणि हे उत्तर इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी आतले कपडे पण बेतायला शिकले, कारण एकतर त्या खाचा बघवत नव्हत्या आणि दुसरं म्हणजे आतलं नीट बसलेलं नसेल तर वरचा ब्लाऊज कितीही भारी शिवा, कटोरी जागेवर येतच नाही.

तर जे शिकले ते सगळं इथं लिहितेय. ज्यांना साधा ब्लाऊज किंवा परकर शिवता येतो त्यांना हे नक्की जमेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आवळणं वेगळं आणि बसणं वेगळं. आपण दुकानात घट्ट हवं म्हणून एक नंबर लहान घेतो, मग इलॅस्टिक आवळतं, वळ उठतात आणि कापड तरी जागेवर राहत नाहीच. कपडा अंगाला बसतो तो कापडाच्या ताणामुळे आणि कटिंगमुळे, इलॅस्टिकचं काम फक्त कड जागेवर धरायचं. माझी आजी आयुष्यभर खणाची चोळी घालायची, तिनं ब्रा कधी बघितली पण नसेल, पण तिच्या चोळीची गाठ बघा कुठे यायची, बरोबर छातीच्या खाली. सगळा भार त्या खालच्या घेरावर, खांद्यावर काहीच नाही, म्हणून दिवसभर शेतात वाकून काम केलं तरी तिचे खांदे कधी दुखले नाहीत. ब्राचं पण तेच आहे, भार खालच्या पट्ट्यानं धरायचा. खांद्यावरचे पट्टे फक्त कप वर धरून ठेवतात. खांद्यावर खाच पडतेय म्हणजे खालचा पट्टा सैल आहे आणि त्याचं काम खांदे करतायत.

आता कापड. दुकानात जाऊन नुसतं "होजिअरी द्या" (म्हणजे बनियनसारखं विणलेलं, ताणणारं कापड) म्हणू नका, कॉटन लायक्रा मागा, ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के लायक्रा असलेलं, वजनाला साधारण १८० जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम. लायक्रा हे खरं तर एका ब्रँडचं नाव, धाग्याचं नाव स्पॅन्डेक्स, तो १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला, त्याच्या आधी अशा कपड्यांत रबराचा धागा असायचा जो जड पण होता आणि घामानं लवकर खराब पण व्हायचा. लेबलवर विश्वास ठेवण्यापेक्षा हातानं बघा. कापडाची आडवी घडी घाला, ४ इंचावर दोन्हीकडे चिमटीत धरा आणि पट्टीवर ठेवून ओढा, जोर न लावता ६ इंचांपर्यंत आलं म्हणजे ५० टक्के ताण आहे. मग सोडा. परत ४ वर आलं पाहिजे. साडेचारवर थांबलं तर ते कापड तिथंच ठेवून या, कारण त्याची निकर दुपारपर्यंत मागं लोंबायला लागते. उभ्या बाजूनं पण असंच ओढून बघा, दोन्हीकडून ताणणारं कापड निकरला हवंच, नाहीतर बसता-उठता मागची कड खाली सरकते.

आपल्याकडे गांधीनगरात होजिअरी किलोवर मिळते, एक किलोत १८० जीएसएमचं दीड मीटर पन्ह्याचं कापड साडेतीन मीटरच्या वरच येतं, त्यात मधल्या मापाच्या १२ ते १५ चड्ड्या आरामात निघतात. इलॅस्टिक, हुक, लेस हे सगळं महाद्वार रोडला. ब्राच्या कपासाठी मात्र ताणणारं कापड नको (भार असेल तर अजिबातच नको), तिथं आपलं इचलकरंजीचं पॉपलीन किंवा केंब्रिक एकदम बेस्ट, पातळ, घाम शोषणारं आणि आकार धरून ठेवणारं. आणि काहीही आणलं तरी आधी रात्रभर बादलीत भिजत घाला, सावलीत वाळवा आणि मगच कापा. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, बेतल्यावर आटलं तर सगळं माप वाया.

इलॅस्टिक घेताना पण तोच नियम, वीतभर तुकडा दुप्पट ओढा आणि सोडा, मूळ लांबीवर आलं तर घ्या. मी एकदा घाईत एका दुकानातून न बघता ५० मीटरचं अख्खं बंडल उचललं, स्वस्त होतं, तीन धुण्यांत सगळं वातड झालं आणि अकरा चड्ड्यांचं इलॅस्टिक उसवून परत लावत बसले. ज्याची एक बाजू मखमलीसारखी मऊ असते ते घ्या, ती मऊ बाजू अंगाकडे येते. मधोमध रेघ असलेलं दुमडायचं इलॅस्टिक पण मिळतं, नवीन शिकणारीला ते सोपं, कड त्यात घालायची, दुमडायची आणि वरून टीप, बास.

मशीनचं थोडं बोलते. होजिअरीला साधी सुई चालत नाही, तिचं टोक धागा कापतं, मग टाके सुटतात आणि दोन धुण्यांनी शिलाईच्या कडेनं बारीक भोकं दिसायला लागतात. बॉलपॉइंट सुई मागा, ११ नंबर, तिचं टोक गोल असतं, ते धाग्यांना बाजूला सारून आत जातं. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा ताणला की तुटतो. टाका झिगझॅग हवा, अडीच मिलिमीटर रुंद आणि साधारण दीड लांब. आता अनेकींकडे पायाची साधी मशीन असते, ती फक्त सरळ टीप मारते, त्यांनी नाराज होऊ नका. जोड सरळ टिपेनंच मारा, पण मारताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी हलकं ताणून धरा आणि एकाशेजारी एक अशा दोन टिपा मारा. इलॅस्टिक लावायला तेवढं गल्लीतल्या पिको-फॉलवालीकडे जा, तिच्या मशीनला झिगझॅग असते, शेजारधर्म असेल तर अर्ध्या तासात चार नग करून देते. कड दोऱ्यानं गुंफणारं इंटरलॉक पण बऱ्याच जणींकडे असतं.

निकर आधी करा. ब्रापेक्षा सोपी आहे आणि हात बसतो.

मापं तीनच. जिथं इलॅस्टिक यायला हवं तिथली कंबर (बेंबीवर की खाली हे घालणारीनं ठरवायचं, शिवणारीनं नाही), सीट म्हणजे सगळ्यात रुंद भागाचा घेर, आणि आसन, म्हणजे पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांच्या मधून मागच्या कंबरेपर्यंत टेप. समजा सीट ३८ आहे आणि आसन २५. कापडाला ५० टक्के ताण आहे तर घेरातून साधारण १२ टक्के कमी करायचे, म्हणजे ३८ चे साडेतेहतीस. शिवलेला कपडा अंगापेक्षा लहान असणं हे ब्लाऊजवाल्यांना सुरुवातीला पटत नाही, आपल्याला दीड-दोन इंच लूजिंग, म्हणजे ढिलाई, सोडायची सवय, पण इथं ते उलटं चालतं, कापड थोडं ताणूनच अंगावर येतं तेव्हाच सुरकुती पडत नाही. ताण कमी असेल, समजा २५ टक्केच, तर कमी पण निम्मंच करा. आसनातून फक्त एक इंच कमी.

आणि हे साडेतेहतीस पुढं-मागं सारखे वाटू नका. इथं बहुतेक जणी चुकतात. मागचा भाग जास्त भरीव असतो, त्याला कापड जास्त लागतं, म्हणून पुढं १६ आणि मागं साडेसतरा घ्या, घडीवर कापताना ८ आणि पावणेनऊ. चालताना निकर मधे जाते, गोळा होते, सारखी ओढावी लागते, ही तक्रार निम्म्या बायकांची असते आणि त्या समजतात साईज लहान झाली म्हणून, मग एक नंबर मोठी घेतात आणि ती अजूनच गोळा होते. खरं कारण म्हणजे मागचा भाग अरुंद आहे किंवा आसन कमी पडतंय. पायाची कड कापताना पुढं आत खोलगट घ्या आणि मागं बाहेरच्या बाजूला फुगीर. पुढं खोल घेतल्यानं मांडी वर उचलताना कापड अडत नाही.

आता मियानी, म्हणजे दोन पायांच्या मधला तुकडा, इंग्लिशमध्ये गसेट म्हणतात तो. सगळ्या निकरमध्ये हाच तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि इथंच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. सगळ्यात अरुंद जागी पावणेतीन इंच रुंद, साडेपाच इंच लांब. आतला थर शंभर टक्के कॉटनचाच, बाहेरचं कापड काहीही असो, नायलॉनची लेस असली तरी चालेल पण आत कॉटन, कारण तिथली ओल शोषली गेली नाही तर खाज, पुरळ, फंगल इन्फेक्शन हे सगळं मागं लागतं.

मी शिवलेली पहिली निकर माझ्या जावेला दिली होती. मापाला एकदम बरोबर, तिला फार आवडली, आणि दुसऱ्या दिवशी ती ती घालूनच जोतिबाच्या डोंगरावर चालत गेली. संध्याकाळी घरी आली तर धड चालता येत नव्हतं, दोन्ही जांघा सोलवटलेल्या. मी निकर उलटी करून बघितली, मियानीच्या दोन्ही जोडांची इंटरलॉकची जाड कड आतल्या बाजूला उघडी होती आणि दोरा होता नायलॉनचा. माप बरोबर होतं पण शिलाई चुकीच्या जागी होती. त्या दिवसापासून मियानीची एकही शिलाई मी आत उघडी ठेवलेली नाही.

ते असं करायचं. मागचा भाग टेबलावर सुलटा पसरा. त्याच्या खालच्या कडेवर मियानीचा बाहेरचा तुकडा सुलटी बाजू खाली करून ठेवा. आता मागच्या भागाच्या खालून कॉटनचा आतला तुकडा घाला, सुलटी बाजू वर. तिन्हींच्या कडा जुळवा, टाचण्या लावा, पाव इंचावर टीप. दोन्ही तुकडे बाहेर उलटले की जोड दोन थरांच्या मधे लपला. आता पुढच्या भागाची कड बाहेरच्या मियानीला सुलट्याला सुलटं लावा, मग मागचा भाग आणि पुढचा भाग दोन्ही सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून मधे घ्या आणि कॉटनचा तुकडा खालून फिरवून त्या गुंडाळीवरून आणून तिन्ही कडा परत जुळवा. टीप मारताना आतली गुंडाळी सुईखाली येत नाही ना एवढं बघा. मग बाजूच्या तोंडातून सगळं हळूहळू ओढून बाहेर काढा. पहिल्यांदा करताना वाटतं काहीतरी भलतंच शिवलं गेलं, पण बाहेर ओढलं की दोन्ही जोड गायब, आत हात फिरवला तर कुठं काही लागत नाही. त्यानंतर बाजूच्या शिलाया, मग पायाचं इलॅस्टिक.

पायाची कड मोजा, समजा २१ इंच भरली तर इलॅस्टिक १९ घ्या, म्हणजे ९० टक्के. पण ते सगळीकडे सारखं ताणून लावू नका. पुढच्या बाजूला, जिथं मांडी दुमडते तिथं, अजिबात न ताणता जसं आहे तसं लावा आणि सगळा ताण मागच्या खालच्या गोलाईत द्या. पुढं ताणलं की बसल्यावर जांघेत रुततं. मागं ताणलं की कड खालून धरून राहते, वर सरकत नाही. कंबरेला पण ९० टक्क्यांच्या आसपास, तिथं सगळीकडे सारखं. नऊवारी नेसणाऱ्या बायकांसाठी मी पायाला इलॅस्टिकच लावत नाही, काष्टा दोन्ही पायांच्या मधून जातो आणि इलॅस्टिकची कड दिवसभर त्याच्याखाली दाबली जाते, त्यांना मांडीपर्यंत येणारी सायकलिंगच्या चड्डीसारखी छोटी चड्डी, कडेला फक्त दुमडून दोन टिपा. लग्नात एकीला करून दिली आणि आता प्रत्येक सणाला कुणीतरी येतंच.

ब्राकडे वळू. आधी नंबराचा घोळ. छातीखालचा घेर ३० आणि भरीव जागेचा ३५ असेल तर काही कंपन्या ३० मध्ये ४ मिळवून ३४ पट्टा धरतात आणि ३५ मधून ३४ वजा जाता १ म्हणजे ए कप सांगतात, काही कंपन्या ३० ला ३० च धरतात आणि ५ इंच फरक म्हणून डीडी सांगतात. बाई तीच, अंग तेच, एकीकडे ३४ ए आणि दुसरीकडे ३० डीडी. म्हणून मी बायकांना सांगते, दुकानातला नंबर लाज वाटून घेण्यासारखा पण नाही आणि जन्मभर धरून ठेवण्यासारखा पण नाही. स्वतः शिवताना नंबर लागतच नाही, इंच लागतात.

मापं घेताना टेप छातीखाली घट्ट, श्वास सोडून, आणि मागं टेप जमिनीला समांतर आहे का ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं. भरीव जागेवर टेप नुसता टेकलेला. दोन छात्यांच्या मधलं अंतर वेगळं मोजा, ते कुणाचं अर्धा इंच असतं, कुणाचं दीड, आणि मधली पट्टी त्याच मापाची लागते. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर घाबरू नका, बहुतेकींच्या नसतात, मोठ्या बाजूचा कप धरून दोन्ही बेता.

कप. १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी ज्या ब्राचं पेटंट घेतलं ती आधी दोन रुमाल आणि रिबीन जोडून केलेली होती, आणि त्यात अडचण हीच की रुमाल सपाट असतो, त्याला खोली नसते. सपाट कापडाला खोली द्यायची तर टक्स घ्या नाहीतर तुकडे करून गोलाईत जोडा. हे आपल्या ब्लाऊजवालींना नव्यानं शिकवायला नको, कटोरी ब्लाऊज म्हणजे दुसरं काय आहे. फक्त ब्लाऊजची कटोरी वरून टेकते, आणि ब्राची कटोरी बरोबर छातीच्या मुळाशी, खालच्या घडीत बसावी लागते. कागदावर आकडे मांडून ती घडी पहिल्यांदा सापडत नाही, म्हणून मी टेपची पद्धत वापरते.

रंगाच्या दुकानात कागदी मास्किंग टेप मिळतो तो आणा. ज्यांचा पॅटर्न काढायचा त्यांनी त्यातल्या त्यात बरी बसणारी, पॅड नसलेली ब्रा घालायची, कारण आधार नसताना घेतलेला आकार खाली ओघळलेला येतो. त्यावर जुना पातळ बनियन. हे काम मैत्रीण किंवा बहिणीकडून करून घ्या, एकटीला होत नाही, आणि दार लावून निवांत करा, घाईचं काम नाही हे. आता एका बाजूवर टेपचे छोटे छोटे, बोटाएवढे तुकडे चिकटवत जा, आडवे, तिरके, एकावर एक दोन थर, कुठंही न दाबता. सगळं झाकलं की बॉलपेननं रेघ मारा: खालची घडी, मधली कड, काखेकडची कड, आणि वर जिथपर्यंत कप हवा तिथली. मग टोकावरून एक आडवी रेघ काखेकडून मधल्या कडेपर्यंत, आणि टोकापासून सरळ खाली घडीपर्यंत एक उभी. तीन भाग झाले, त्यावर १, २, ३ लिहा आणि रेघांना आडव्या खुणा करा म्हणजे जोडताना जुळतील. टेपसकट बनियन कात्रीनं जपून कापून काढा आणि तिन्ही तुकडे रेघेवर कापा.

ते तुकडे टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट केले की कडा आपोआप गोलाई दाखवतात. त्या ब्राऊन पेपरवर उतरवा, रेघ हातानं गुळगुळीत करा, टोकाजवळ अणी राहत असेल तर ती गोल करून टाका, आणि पाव इंच माया सोडा. माझ्या समोर पहिल्यांदा हे तीन तुकडे पसरले तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं कटोरी किती अंदाजानं कापत होते.

कापताना वरच्या तुकड्याचा उभा धागा खांद्याच्या पट्ट्याच्या दिशेनं ठेवा, म्हणजे पट्टा ओढला गेला तरी कापड लांबत नाही. उरेब, म्हणजे तिरकं कापड, तिथं नको. आधी खालचे दोन तुकडे जोडा, माया उघडून दोन्हीकडे बारीक टीप मारा, मग वरचा. अस्तर त्याच तीन तुकड्यांचं वेगळं शिवून दोन्ही कप एकमेकांत बसवा, शिलाया आत समोरासमोर आल्या पाहिजेत, अंगाला फक्त गुळगुळीत कापड लागलं पाहिजे. टोकावरून जोड जातोय, तिथं उघडी शिलाई ठेवली तर दोन तासांत टोचायला लागते.

खालचा पट्टा दोन प्रकारच्या कापडाचा. पुढं कपाखाली आणि मधे पॉपलीन दुहेरी, ते ताणत नाही. मागं कॉटन लायक्रा दुहेरी, ताण आडव्या दिशेनं. घेर ३० असेल आणि पुढचा भाग १४ इंच झाला तर मागं अंगावर १६ उरतात, कापडात ते साडेतेरा घ्या, हुकपट्टी धरून. अंगावर कमी वजन असेल तर कपाखाली एक इंच पट्टा पुरतो, भारी अंगाला दोन ते अडीच इंच घ्या आणि काखेखाली पण उंची वाढवा, हुक दोनाऐवजी तीन. खालच्या कडेचं इलॅस्टिक अर्ध्या-पाऊण इंचाचं, कपाखाली न ताणता आणि मागं थोडं ताणून. हुकाच्या तीन ओळी असतात ना, नवीन ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, सैल ओळीवर नीट बसली पाहिजे, कारण पट्टा वापरून वापरून सैल होतो आणि मग आतल्या ओळींवर जाता येतं. आत्ताच आतल्या ओळीवर लावावी लागत असेल तर तो पट्टा मोठा झालाय.

खांद्याचे पट्टे पुढं टोकाच्या रेषेत, मागं मात्र मणक्याच्या बाजूला आणा, एकमेकांपासून लांब ठेवले की खांद्यावरून घसरतात. भारी अंगाला पाऊण इंच रुंद आणि पुढचा अर्धा भाग कापडाचा, फक्त मागं इलॅस्टिक, नाहीतर चालताना सगळं वरखाली होत राहतं.

ट्रायल आरशासमोर नुसतं उभं राहून घेऊ नका. दोन्ही हात वर करा, माळ्यावरचा डबा काढताना करतो तसे. पुढं वाका, फरशी पुसायला वाकतो तसं. मांडी घालून बसा, मग उकिडवं बसा. पट्टा मागून वर चढला तर तो सैल आहे, आणि मागं चढला की पुढं कप खाली येतोच. कपाच्या वरच्या कडेला मांस बाहेर येऊन दोनाच्या चार छात्या दिसायला लागल्या तर कप लहान, पट्टा मोठा करून काही उपयोग नाही. कपावर आडव्या सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा, वरच्या तुकड्यातून पाव इंच चिमटा. खांद्याच्या पट्ट्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. संध्याकाळी काढल्यावर हलक्या खुणा असतील आणि अर्ध्या तासात जात असतील तर ठीक, पण लाल वळ रात्रीपर्यंत राहत असेल तर तिथली शिलाई उसवा, सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

वयात येणाऱ्या मुलींचं वेगळं सांगते. माझी भाची कबड्डी खेळते, पहाटे साडेपाचला "मावशी, मी निघालो" म्हणून दारातून पळते, आणि सहा महिन्यांपूर्वी तिनं प्रॅक्टिसला जायचं टाळायला सुरुवात केली होती. कारण कुणाला सांगत नव्हती. मी एकटीला बसवून विचारलं तेव्हा कळलं, पळताना छाती दुखते आणि लाज वाटते. तिला स्पोर्ट्स ब्रा शिवून दिली. या ब्राचा शोध पण अशाच अडचणीतून लागला, १९७७ साली अमेरिकेत लिसा लिंडाल, हिंडा मिलर आणि पॉली स्मिथ या तिघींनी पुरुषांचे खेळातले दोन लंगोटासारखे आधारपट्टे एकत्र शिवून पहिला नमुना केला, पट्टे मागं एकमेकांवरून नेले म्हणून ते घसरत नव्हते. मी पण तसंच केलं, मागं पट्टे पाठीच्या मधोमध एकत्र आणले, कापड दुहेरी कॉटन लायक्रा, आत पुढच्या भागाला पॉपलीनचं अस्तर म्हणजे उसळी कमी बसते, आणि खाली एक इंचाचं रुंद इलॅस्टिक. आता ती प्रॅक्टिसला रोज जाते, आणि तिच्या टीममधल्या पाच जणींची मापं माझ्या वहीत आहेत. घरात मुलगी असेल तर तिनं विचारायची वाट बघू नका, तुम्ही विचारा.

धुण्याचं. गरम पाणी आणि ब्लीचिंग दोन्ही लायक्राचे शत्रू, साध्या पाण्यात हातानं धुवा, पिळा घालून पिळू नका, इस्त्री इलॅस्टिकवर नको. आणि वाळत घालायचं बोलायलाच हवं. आपल्याकडे निकर आणि ब्रा दोरीवर टॉवेलखाली नाहीतर साडीखाली लपवून वाळत घालतात. कोल्हापूरच्या पावसात, जून ते सप्टेंबर, उघड्यावरचं कापड दोन दोन दिवस वाळत नाही तिथं टॉवेलखालचं काय वाळणार, मग ते दमट तसंच अंगावर चढतं आणि जांघेत खाज सुरू. निकर उलटी करून, मियानी वर येईल अशी, एकेरी वाऱ्याला घाला. घरात जागा नसेल तर पंख्याखाली हँगरला. पण दमट घालू नका, एक दिवस जुनी घाला. आमच्याकडे सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं, त्यांच्याच मांडीचं पुरळ दोन पावसाळे गेलं नाही, शेवटी त्यांनीच गच्चीत कोपऱ्याला वेगळी दोरी बांधून घेतली.

शेवटचं, पेपर कटिंग फेकू नका. ब्राऊन पेपरच्या प्रत्येक तुकड्यावर नाव, मापं, तारीख आणि कापडाचा ताण किती टक्के होता ते लिहा, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवा आणि खिळ्याला अडकवा. वजन बदललं, बाळंतपण झालं, पाळी बंद व्हायला लागली की मापं बदलतात, तेव्हा नव्यानं सगळं न करता त्याच पेपरवर लाल पेननं दुरुस्ती करायची. माझ्या जावेच्या पेपरवर आता चार लाल रेघा आहेत, आणि मियानीच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, शिलाई आत उघडी नको.